देवाच्या डोक्यावर बेडूक

पंधरा ऑगस्टला शाळेच्या अंगणात माईकसमोर उभं राहून देवकीने भाषण ठोकलं, आणि त्या दिवशी तिचा आवाज जो मोठा झाला तो पुन्हा लहान झालाच नाही. "गो बायो, समोर मी एकटीच आसंय, अख्खा पार्सें गाव नाय," असं आई उठता-बसता बजावायची. पण दहावीतल्या पोरीला एकदा कळलं की आपण तोंड उघडलं की माणसं मान वळवून बघतात, तर ती तोंड मिटून कशाला बसेल?

गोव्याला राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, त्या सालची ही चवथ.

देवकीच्या घरचा गणपती दोन भावांचा मिळून एक. थोरले सगुणकाका आणि धाकटे देवकीचे बाबा, रामचंद्र. घरं एकमेकांना लागून, चुली मात्र वेगळ्या. आजोबांनी डोळे मिटायच्या आधी पाळी लावून दिली होती: एक वर्ष देव काकांच्या घरी, एक वर्ष बाबांच्या घरी. यंदा पाळी बाबांची.

आणि देव म्हटला की माटोळी आली. गणपतीच्या बरोबर डोक्यावर छपराला लाकडी चौकट टांगायची, आणि रानातली, परसातली जी जी फळं, शेंगा, फुलं, पानं त्या दिवसांत मिळतात ती तिला बांधायची. पेडण्यात माटोळीशिवाय देव बसत नाही. हल्ली तर तिच्या स्पर्धाही निघाल्या होत्या, आणि लोक नुसती फळं न बांधता फळांचे मोर, वीणा, शंख असलं काय काय करायला लागले होते. ही माटोळी बांधायची पुरुषांनी. बायकांनी मोदक करायचे, नेवऱ्या तळायच्या आणि मान वर करून "किती बरी झाली!" म्हणायचं. कुणी ठरवलं होतं कोण जाणे, पण ठरलेलं होतं.

घोळ असा होता की बाबा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे, आणि गेल्या पावसात ट्रकच्या टपावरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही. स्टिअरिंग फिरायचं, चहाचा पेला उचलला जायचा. पण डोक्यावरच्या चौकटीला गाठ मारायची म्हटली तर हात अर्ध्यातच थांबायचा.

तर एका शनिवारी संध्याकाळी बाबा खाणीवरून येऊन हातपाय धुतात न धुतात, तोच सगुणकाका आले. बगलेत गुंडाळलेलं कॅलेंडर, मागे त्यांचा मुलगा विठू, त्याच्या मागे हातात बशी घेतलेली यशोदाकाकी. काकांनी मेजावरचे पेले बाजूला सारले आणि कॅलेंडर उलगडलं. काकीच्या भावाने बोटीवरून आणलेलं होतं ते.

अंगठ्याएवढा पक्षी. गळा असा की कुणी माणकं वितळवून ओतलीत. पाठ हिरवी, आणि सुईसारखी चोच एका लाल फुलात खुपसून तो हवेत चक्क उभा.

"हमिंगबर्ड," विठू म्हणाला. तुयेच्या कारखान्यात लागल्यापासून तो इंग्रजी शब्द सुपारीसारखे चघळायचा.

"आमच्या पोर्तुगीज शाळेत मेस्त्र म्हणी, बैजा-फ्लोर," काकांनी त्याच्यावर ताण केली. "फुलाचो मुको घेता तो. आणि हो तर त्यातलो पण दुर्मीळ. खाली छापलां बघ, जगात थोडेच उरलेत. औंदा आमच्या माटोळेत ह्योच बसतलो. पेडण्याच्या क्लबात नाव घालून इलंय मी स्पर्धेक."

"बरो आसा," बाबा म्हणाले.

"बरो? अरे, असो कोणी बघूक नाय! आता ऐक. तुझो हात वर जायना. माटोळी मी आणि विठू बांधतलंव." काकांनी कॅलेंडरवर हात फिरवला, जणू पक्ष्याला कुरवाळताहेत. "आणि फुडचा असा, की माटोळी जर मीच बांधूची, तर देव हय कित्याक हाडूचो? फुडल्यापासून माझ्याकडेच ऱ्हवांदे. पाळी-बिळी पुरे. तुका माझ्या विठूसारखो झील नाय, तुझ्या मागे करतलो कोण? तुमी आरतेक येवा, जेवा, बसा."

ते इतक्या सहज म्हणाले, जणू कुणाची छत्री मागून न्यावी. बाबांनी पेला दोन्ही हातांत धरून गरगर फिरवला. खाणीच्या उतारावरून भरलेला ट्रक उलटा घेणारा माणूस, पण थोरल्या भावासमोर त्याला "नाय" हा एक शब्द सापडत नव्हता. आई दाराच्या चौकटीला नख लावून उभी होती. तिला चवथीला घर भरलेलं लागायचं. वर्षाआड का होईना, त्या पाच दिवसांत ती या घराची राणी असायची.

"माटोळी मी बांधतलंय," देवकी म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. वळवतातच.

"तू?" काका आधी समजलेच नाहीत. मग पोट धरून हसले. "चेडवांनी माटोळी बांधल्यानी असा खय बघितलंस? आणि बांधतलंस काय गो तू? बेडूक?"

विठू तर हसता हसता वाकलाच. देवकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डोक्यात ना फळ होतं ना फूल, पण जीभ डोक्याच्या पुढे धावायची तिची.

"होय. बेडूकच बांधतलंय."

"देवाच्या डोक्यावर बेडूक?"

"पायाकडे उंदीर चलता ना?"

यशोदाकाकीला ठसका लागला. काकीचे ठसके आणि काकीचं हसू यात फरक करणं कठीण असायचं. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग देवकीकडे. आता ते हसत नव्हते.

"बरा," ते म्हणाले. "चौकट रुंद आसा. अर्धी माझी, अर्धी तुझी. तुझो बेडूक पाच दिवस टिकलो तर पाळी तुमची तुमका. पण त्यातला एक फळ जरी खाली इला, तर फुडल्यापासून देव माझ्या घराक. कबूल?"

"कबूल!" देवकी म्हणाली. बाबांनी मान वर केली तोवर शब्द मेजावर पडलासुद्धा होता.

ते गेल्यावर आईने कपाळाला हात लावला. "देवू गो, काय करून बसलंस?" बाबा पेला उचलून विसळायला गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना देवकीला पहिल्यांदा कळलं. आपण काय पणाला लावून आलो? आपलं नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवशी कातरवेळी ती न्हाणीच्या पायरीवर जाऊन बसली. पक्ष्याला पुरून उरेल असा बेडूक तर आता शोधायलाच हवा होता, आणि तो सापडायला लांब जावं लागणार नव्हतं. न्हाणीच्या मोरीत, दगडाखाली, एक राहायचाच. खरखरीत पाठ, मातीचा रंग, डोळ्यांच्या वर दोन फुगीर उंचवटे. उड्या मारण्यापेक्षा चालत जाणं पसंत करायचा. शाळेत सरांनी सांगितलं होतं की असल्याला बेडूक नव्हे, भेक म्हणतात. पण घरात कोण भेक म्हणणार? आई तर त्याला नुसतं "मेल्या" म्हणायची आणि रोज संध्याकाळी केरसुणीने अंगणात ढकलायची. सकाळी मेला पुन्हा मोरीत.

देवकीने आजवर त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. गळा सतत धडधडत होता. एक डास आला, जीभ दिसली न दिसली, डास गायब. आणि गिळताना त्याने डोळे मिटले ते असे, की डोळेच आत ढकलून त्यांनी घास खाली रेटतोय.

तेवढ्यात शेजारचा बोका भिंतीवरून उतरला. देवकीला वाटलं, संपलं. बोका दबकत पुढे आला, आणि मोरीतला मेला पळाला नाही. त्याने चारही पाय ताठ केले, अंग जमिनीपासून उचललं, पोटात वारा भरला आणि फुगला. फुगत गेला. होता त्याच्या दीडपट झाला, डोकं खाली घालून बोक्याच्या दिशेने थोडा झुकला, आणि तसाच उभा राहिला. बोक्याने पंजा लावून बघितला, नाक लावलं, जीभ लावली, आणि मग तोंडात काहीतरी भयंकर आल्यासारखी मान झटकत, लाळ गाळत निघून गेला. मेला अजून फुगलेलाच.

देवकी टाळ्या पिटत उठली.

तिने मनात दोघांना शेजारी शेजारी मांडलं. बैजा-फ्लोरसमोर बोका आला असता तर? तो डोळ्याचं पातं लवायच्या आत दहा फुलं पलीकडे गेला असता, आणि जातानासुद्धा सुंदरच दिसला असता. त्याला काय, जग भरून फुलं आहेत, हे नाही तर ते. त्याला उभं राहायलासुद्धा जमीन लागत नाही. पण या मेल्याला जायचंच नव्हतं. ही मोरी त्याची होती. केरसुणी येवो नाहीतर बोका, तो पुन्हा इथेच येणार. मध नको, माणकांचा गळा नको, कुणी कॅलेंडरवर छापायलाही नको. आणि जगात थोडे उरले म्हणून कौतुक करायचं, तर जे पुष्कळ आहेत ते काय आपोआप उरले? रोज केरसुणी खाऊन उरलेत ते!

"आये!" ती ओरडली. "बेडूक फुगलेलो बांधतलंय! उभो ऱ्हवलेलो!"

"हळू," आई आतून म्हणाली. पण त्या संध्याकाळी केरसुणी अंगणात आलीच नाही.

मग धांदल उडाली. विठू स्कूटर घेऊन वाळपईला गेला, कारण काकांना सत्तरीच्या रानातली अशी फळं हवी होती की पार्सेंत कुणी ओळखूही नयेत. देवकी आणि आई काजूंच्या मधून डोंगरावर गेल्या आणि जे सगळ्यांना मिळतं तेच घेऊन आल्या. पायांना लांब खरखरीत कारली. बोटांना भेंड्या. डोळ्यांना पिकून शेंदरी झालेल्या दोन सुपाऱ्या. गळ्याला शेरवडाची पांढरी पानं. पाठीवरच्या फोडांना फागलां, म्हणजे काटेरी करटुली. बाबा चवथीच्या रजेवर आले आणि त्यांनी केवणीच्या झाडाची साल भिजत घालून तिचे दोर काढायला शिकवलं. हातांनी कमी, तोंडाने जास्त.

"ओढ. आणखी ओढ. आता बोट काढ. बोट काढ गो, बोट काय देवाक वाढतलंस?"

राहिलं पोट. फुगलेलं पोट, बेडकाचं सगळं काही ते. देवकीने मळ्यातून एक भला मोठा चिबूड आणला, मातकट, पट्ट्यापट्ट्यांचा, हुबेहूब मेल्याच्या रंगाचा.

"चिबूड नको," आई म्हणाली. "पिकलो की फुटता."

"कच्चो आसा. पाच दिवस सहज काढता."

"देवू, चिबूड पिकूक लागलो की कोणाक विचारणा नाय."

पण देवकीला आता तेच पोट दिसत होतं, दुसरं दिसतच नव्हतं. तिने त्याला केवणीच्या दोरांची जाळी विणली, वरून फागलां गुंफली आणि चवथीच्या आदल्या दिवशी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, चढून, माटोळीच्या डाव्या अर्ध्यात, बेडूक उभा केला. बाबा खालून सांगत होते, ती वर बांधत होती. उजव्या अर्ध्यात काका आणि विठू. तिघांचे हात एकाच चौकटीवर, पण या अर्ध्यातलं कुणी त्या अर्ध्याशी बोलत नव्हतं.

संध्याकाळी सगळे मागे सरकून बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर देवकीचा चेहरा उतरला. काकांचा पक्षी इतका सुंदर झाला होता! गळ्याला लालभडक कवंडळं, पंखांना कसली तरी चंदेरी पानं, चोचीला कुड्याची लांब शेंग. वाऱ्याची झुळूक आली की तो खरोखर हवेत थरथरायचा. आणि शेजारी तिचा मेला: काळपट, ठुसका, पाय फेंगडे. डोळे मात्र बरोबर पक्ष्यावर रोखलेले.

"बैजा-फ्लोरच तो," काका हात पुसत म्हणाले. "बेडूक पण बेडकासारखो झालो म्हणा."

"मगे? तसोच होवक होयो होतो," देवकी म्हणाली. आवाज निघाला मोठाच.

चवथीचा दिवस गेला. देव आले, बसले, जेवले. बेडूक टिकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पेट्रोमॅक्स भणभणत होता, समया पेटल्या होत्या, मातीच्या घुमट-वाद्याच्या तालावर आरती रंगात आली होती, आणि नेमके तेव्हाच क्लबाचे तीन परीक्षक दारात येऊन उभे राहिले. काका टाळ्या वाजवत वाजवतच त्यांना खुणेने पुढे बोलवायला लागले. माना वर झाल्या.

आणि वरून आवाज आला. फस्स.

मोठा नव्हता. कुणीतरी सुस्कारा सोडावा तेवढा. मग खोलीभर गोड वास पसरला, पिकल्या चिबडाचा, जो ओळखण्यात चूक होऊच शकत नाही. बेडकाचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललं होतं. एक थेंब मोदकांच्या ताटात पडला. दुसरा देवाच्या खांद्यावर. मग दोन बिया, सावकाश, एकामागोमाग एक.

घुमट थांबलं.

"बघलंस?" काका म्हणाले. आवाज हळू होता, आणि म्हणूनच सगळ्यांनी ऐकला. "देवानच सांगल्यान. रामचंद्रा, झाला. फुडल्या वर्सापासून माझ्या घराक."

"फळ खय पडला?" आई कोपऱ्यातून म्हणाली. आई चारचौघांत बोलली याचंच देवकीला नवल वाटलं. "फळ वरच आसा. पडलो तो रस."

दोघातिघांनी हसू दाबलं. काकांना हसू आलं नाही. देवकीला तर रडू येत होतं. आईने सांगितलं होतं. बाबांची पाळी, आईचे पाच दिवस, सगळं या एका हट्टी चिबडातून देवाच्या खांद्यावर ठिबकत होतं. आणि आणखी एक थेंब.

तिने भिंतीकडचं कदेल ओढलं.

"खय चललंस?" काकांनी विचारलं.

"वर."

"देव बसल्यावर माटोळेक हात लावूचो नसता."

"मगे तीन दिवस देवाच्या खांद्यावर मुंगयो फिरांदेत?" ती कदेलावर चढलीसुद्धा. "फुटलो तो फुटलो. फुटना नाय तो चिबूड कसलो? कॅलेंडरातलो थोडोच आसा?"

"खाली उतर, देवकी. कबूल केलेला तू. सगळ्यांसमोर."

हे मात्र खरं होतं. ती एक पाय उचलून तशीच थांबली. खोलीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळलेली. शाळेच्या अंगणात होती त्याहून थोडी, पण त्याहून जवळ. तिथे भाषण पाठ केलेलं होतं. इथे काहीच पाठ नव्हतं.

"केलंय कबूल," ती म्हणाली. "चुकलंय. चिबूड बांधलंय ती पण माझीच चूक. पण काका, पैज माझी होती आणि पाळी बाबांची आसा. मी जी वस्तू लावलंय ती माझी नव्हतीच. आजोबांनी दोन भावांका दिल्यानी ती. पैज जिंकून आमका मिळाली नाय, आणि पैज हरून आमी दिवचंव पण नाय. झील नाय म्हणान दिवचंव नाय, हात वर जायना म्हणान दिवचंव नाय. बाबांचो हात जात नाय थय माझो जाता. हो बघा, जाता!"

आणि तिने हात वर केला आणि चौकट पकडली.

कदेल डुगडुगलं. त्याचा एक पाय पूर्वीपासून आखूड होता. देवकी झुकली, बायकांनी "गो! गो!" केलं, आणि मग कदेल एकदम स्थिर झालं. तिने खाली बघितलं. बाबा गुडघा टेकून बसले होते. डाव्या हाताने त्यांनी कदेलाचा पाय धरला होता आणि उजवा, खांद्यापर्यंत जेवढा जायचा तेवढा वर नेऊन, तिच्या पोटरीला टेकवला होता.

"सोड पयली गाठ," ते म्हणाले. "उजवेकडची. घाई करू नको."

"रामचंद्रा," काका म्हणाले.

"दादा, जरा बाजूक हो. तिका उजेड पडना नाय."

थोरल्या भावाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा बाजूला व्हायला सांगितलं असेल. काका झाले बाजूला. बहुतेक नवलानेच झाले.

फुटका चिबूड जाळीसकट खाली आला, आईने तो परातीत झेलला आणि जाळी सोडवून पुन्हा वर दिली. वर बेडकाला आता नुसते पाय आणि डोळे, मधे पोकळी. परीक्षकांपैकी एकाने घसा साफ केला. देवकी वरूनच खोलीत नजर फिरवत होती: नारळ लहान, भोपळा मोठा, आता काय? तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून यशोदाकाकी आली, हातात निरफणस. जेवणात त्याच्या फोडी व्हायच्या होत्या. विळी मांडलेली होती आत.

"धर," ती म्हणाली.

"अगो, फोडी?" काकांच्या तोंडून निघून गेलं. निरफणसाच्या फोडींवर त्यांचा फार जीव.

"आज नाय, फाल्यां खावा," काकी म्हणाली आणि टाचा उंच करून तिने फळ देवकीच्या हातात दिलं.

निरफणस जाळीत बसला, आणि देवकीला स्वतःचाच राग आला. हे आधी कसं सुचलं नाही? खरखरीत, गोल, दणकट, साल अगदी मेल्याच्या पाठीसारखी. बाबा सांगत गेले, ती ओढत गेली, बोट वेळेवर काढत गेली. शेवटची गाठ बसली तेव्हा बेडूक पहिल्यापेक्षा दुप्पट कुरूप आणि दुप्पट फुगलेला दिसत होता. आईने ओल्या फडक्याने देवाचा खांदा हलकेच पुसला. घुमटवाल्याने विचारलं, "मगे? धरूया?" आणि आरती जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

परीक्षक काय ते लिहून घेऊन गेले. पहिलं बक्षीस तुयेतल्या कुणाच्या तरी अननसांच्या मोराला मिळालं. पक्ष्याला काही मिळालं नाही याचं देवकीला मनापासून वाईट वाटलं. बेडकाला मिळालं नाही त्याचं नवल वाटलं नाही.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी आरती संपल्यावर आईने फुटक्या चिबडात गूळ आणि नारळाचा रस घातला आणि वाट्या भरभरून सगळ्यांना दिल्या. काका बाहेर अंगणातल्या खळ्यात जाऊन बसले होते, काकी तिथेच पायरीवर. बाबा स्वतः वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. देवकी आत पुन्हा कदेलावर चढली होती, कारण बेडकाचा एक मागचा पाय तिला सैल वाटत होता. पण भिंतीतलं जनेल उघडं होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

"दादा," बाबा म्हणाले. "फुडल्या वर्सा देव तुझ्याकडे. त्याच्या फुडल्या वर्सा माझ्याकडे. माटोळी देवू बांधतला. जसा आपल्या बाबांनी घालून दिलां तसा."

काकांनी वाटी घेतली, चमचा फिरवला.

"आणि ता लगीन होऊन परक्याच्या घराक गेला मगे?" ते शेवटी म्हणाले. "तेव्हा काय करतलंस?"

हा प्रश्न बाबांच्याही मनात असणार. आत आईचा हात वाटीवर थांबला.

"तेव्हा पण येतलंय!" देवकीने जनेलातून ओरडून सांगितलं. "चवथीक माटोळी बांधूक येतलंय! एकटी नाय, घोवाक घेऊन येतलंय! कदेल धरूक कोण तरी होयो ना!"

खळ्यात आधी काकी हसली. ठसका नव्हता तो, सरळ सरळ हसू. मग बाबा. काका हसले नाहीत, चिबूड खात राहिले. देवकीला त्याचं काही वाटलं नाही. तिने केवणीचा दोर दातांत धरला, पायाला आणखी एक वेढा दिला आणि ओढला.